पुलाची तपासणी: हातोडी, सेन्सर की नदीचा तळ?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. पावसाळ्यात कोल्हापुरात हे आकडे पोराटोरांनाही पाठ असतात. पण ते पाण्याचे आकडे. त्या पाण्यानं पुलाच्या पायाशी काय केलं, ते त्यातून कळत नाही. गावच्या पुलाच्या तपासणीसाठी थोडाच निधी हाती असेल, तर तो कुठं घालायचा?

हातानं केलेली तपासणी सगळ्यात स्वस्त, आणि नीट केली तर फार काही सांगणारी. काँक्रीटवर हातोडी मारली की भरीव जागी टणक आवाज येतो, आतून थर सुटला असेल तिथं बद्द. सळी गंजून फुगली की तपकिरी ओघळ दिसतात. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घालावी. काच तडकली तर भेग अजून हलते आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पुलासारख्या दगडी कमानींना मात्र हे ओघळ लागू नाहीत. तिथं दरजांतला चुना, सरकलेले दगड आणि पिंपळाची मुळं बघायची. कठडाही तपासणीत हवाच. जानेवारी २०१८ मध्ये याच पुलाचा कठडा तोडून मिनीबस पंचगंगेत कोसळली, १३ जीव गेले. रस्त्यावरून गाडीत बसून केलेल्या पाहणीला मी तपासणी म्हणणार नाही.

सेन्सर रात्रीअपरात्री, पुरातही ताण, कंप आणि कल मोजतात. हे मोठं बळ आहे. अमेरिकेत मिनियापोलिसचा पूल २००७ मध्ये कोसळल्यावर नव्या पुलात बांधतानाच तीनशेहून जास्त सेन्सर बसवले. पण उन्हानंही पूल लांबतो, आकडे हलतात. त्यामुळे निदान वर्षभराच्या नोंदींशिवाय अर्थ लागत नाही. शिवाय रात्री दोनला इशारा आला तर रस्ता बंद कोण करणार, हे आधी ठरलेलं हवं. लांब गाळ्याचा, म्हणजे दोन खांबांत मोठं अंतर असलेला पूल, किंवा दोष सापडलेला आणि नव्याची वाट बघणारा पूल, इथं सेन्सर घ्यावेत.

तिसरी तपासणी नदीच्या तळाची, ती बहुतेक जण विसरतात. पुराचं पाणी खांबावर आपटून खाली वळतं आणि पायाशी खड्डा पाडतं. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ बसतो, आणि वरून तळ सपाट दिसतो. महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरातच वाहून गेला.

२०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेल्या आपल्या नद्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: आधी तळ मोजा, त्याच फेरीत हातोडी घेऊन पूल तपासा, आणि ठरावीक प्रश्न उभा राहिला तरच सेन्सर. कामाच्या आदेशात एवढं लिहून घ्या: प्रत्येक खांबाच्या प्रवाहाकडून वरच्या आणि खालच्या अंगाला, पुलावरच्या पक्क्या खुणेपासून तळापर्यंतची खोली, गाळात लोखंडी गज खुपसून कठीण थर किती खाली लागतो ते, आणि शेजारच्या रकान्यात गेल्या वर्षीचा आकडा.