बिनवासाची पेट्रोलियम जेली : नातीच्या इसबासाठी दोन हिवाळे वापरल्यावर

आमची छकुली साडेतीन वर्षांची. नागपुरात थंडी पडली की तिला कोपरांच्या घडीत आणि गुडघ्यांमागे इसब होतो. रात्री झोपेत इतकी ओरबाडायची की सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके दिसायचे. सूनबाई शाळेत शिकवते, म्हणून पोरीच्या अंगाला लावायचं काम माझ्याकडे.

आधी बाळांचं सुवासिक लोशन आणलं, ते लावलं की पोर किंचाळायची. मग एका औषधाच्या दुकानदाराने गजकर्णाची ट्यूब दिली. त्वचेच्या डॉक्टरांनी ती बघताच बंद करायला लावली, आत जहाल स्टेरॉइड होतं. मीही चुकत होते. माझ्या दोन्ही लेकरांना डाळीच्या पिठाने चोळून न्हाऊ घातलं, तसंच हिलाही घालत होते. या कातडीला ते चोळणं सोसत नाही.

मग आली ही साधी पांढरी जेली. ना वास, ना रंग, आणि लोशनपेक्षा पुष्कळ स्वस्त. ती औषध नव्हे, कातडीतलं पाणी उडू देत नाही एवढंच तिचं काम. म्हणून कोरड्या अंगावर लावून फारसा उपयोग नाही, हे मला पहिला डबा अर्धा संपल्यावर कळलं. आता कोमट पाण्याने पाच-सात मिनिटांत आंघोळ उरकते, पंचाने नुसतं टिपून घेते आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, लावते. डब्यात बोट घालत नाही, स्वच्छ कोरड्या चमच्याने काढते. लव ज्या दिशेला वळते त्याच दिशेने हात फिरवायचा, उलटं चोळलं की पुळ्या येतात. आणि हात सढळ हवा! डॉक्टरांनी आठवड्याला पाव किलो सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना, मी तेवढी जेली महिनाभर पुरवत होते. सांगितली तेवढी लावायला लागले, तेव्हा कुठे पोरगी सलग झोपू लागली.

लाली भडकली की डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम लागतंच, तिथे एकटी जेली पुरत नाही. ते माझ्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत, एवढं माझ्या हाताच्या, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला. मलम आणि जेली यांत अर्धा तास जाऊ देते.

उन्हाळ्यात मात्र आम्हाला ही जेली झेपली नाही. मे महिन्यात तिच्याखाली घाम साचून घामोळं आलं. आता तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं हलकं क्रीम लावते, जेली फक्त रात्री घोट्यांना, कूलर चालू असताना.

आणखी एक, हे नीट ऐका. जेली कपड्यांत मुरते, धुऊनही पूर्ण जात नाही आणि असा कपडा चटकन पेट घेतो. छकुली संध्याकाळी माझ्याजवळ देवघरात बसायची, समईपाशी. आता आधी तिचा फ्रॉक बदलते, आणि समई वरच्या फळीवर ठेवली आहे.