२४२ की २३७: जीटीओ म्हणून लेमान्स गळ्यात पडली

आधी आकडा सांगून टाकतो. १८,००२ डॉलर. त्यातले १४,२०० गाडीचे, ३८५ ती ओहायोहून मिशिगनला फ्लॅटबेडवर आणण्याचे, ८५२ मिशिगनच्या सहा टक्के कराचे, १५ टायटलचे म्हणजे मालकीच्या कागदाचे, २,३१० पत्र्याच्या सुट्या भागांचे. उरलेले २४० त्या मशीन शॉपवाल्याचे, ज्याने पंधरा मिनिटांत मला गाढव ठरवलं. तसं तो बोलला नाही, पण अर्थ तोच होता.

मी डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो आणि सोळा वर्षं गाड्यांच्या ब्रेकवर पोट भरतो. म्हणजे ‘मला गाड्यांतलं काही कळत नाही’ म्हणून सुटायचीही सोय नाही. दर ऑगस्टला वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीला, रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसायचो. जुन्या व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनांचा तो घुमणारा आवाज ऐकून दहा वर्षांपूर्वी डोक्यात जो किडा शिरला, तो निघाला नाही. चकचकीत तयार गाडी परवडणार नव्हती. मग वाटलं, एखादी पडीक घ्यावी, गॅरेजमध्ये दोन हिवाळे घालवावेत. ही हौस करणारा मी पहिला नाही आणि मूर्खही नाही, एवढं मान्य करून पुढे वाचा.

जाहिरात होती १९६८च्या पॉन्टियाक जीटीओची. ठिकाण ओहायो, टोलेडोच्या दक्षिणेला, मक्याच्या शेतातलं कोठार. ‘वडिलांनी नवी घेतलेली, १९८९पासून उभी, इंजिन फिरतं पण चालू होत नाही, मागितले १६,५००.’ ज्यांना या गाडीचं वेड आहे त्यांना सांगायला नको: जॉन डीलोरियन पॉन्टियाक कंपनीचे प्रमुख असतानाची ही गाडी, ‘मोटर ट्रेंड’ने त्या वर्षीची सर्वोत्तम ठरवलेली, पुढचा बंपर क्रोमचा नसून बॉडीच्याच रंगातल्या एन्ड्युरा रबराचा, आत ४०० घन इंचांचं इंजिन. मला पंचवीस वर्षांनी लहान वाटायला लागलं.

पडीक गाडी घ्यावी की नाही, याचा मी हिशोब केला होता, आणि हीच माझी खरी शोकांतिका आहे. चक्क एक्सेल शीट. त्यात पत्रा, रंग, इंजिन, वायरिंग, सीट, क्रोम, शिवाय ‘अचानक खर्च’ म्हणून २० टक्के. माझे हात फुकट धरले तर ३८,००० डॉलरच्या आसपास. म्हणजे गाडी धरून ५२,०००. तयार झाल्यावर जीटीओ तेवढ्याला नक्की जाईल, असं मी आजूबाजूच्या जाहिराती बघून ठरवलं होतं. बरोबरीत सुटलो तरी हौस फुकटात. शीट चुकलं नव्हतं. फक्त ते सगळं एका गृहीतकावर उभं होतं, की समोरची गाडी जीटीओ आहे. त्यासाठी शीटमध्ये रकानाच नव्हता.

लेमान्स आणि जीटीओ या एकाच बॉडीच्या गाड्या. लेमान्स साधी, जीटीओ तिची तापट बहीण. पुढचं नाक, दोन स्कूपचं बॉनेट आणि मागेपुढे अक्षरं बदलली की लांबून फरक कळत नाही. असे क्लोन उघडपणे विकणारे सज्जनही असतात. तो गुन्हा नाही. क्लोन म्हणून सांगितलं नाही, तर लबाडी.

शनिवारी सकाळी गेलो. माणूस साठीचा, मऊ बोलणारा, बायकोने कॉफी आणून दिली. कोठारात गाडी धुळीने माखलेली, चारही टायर बसलेले. डॅशबोर्डवर निळं ब्लँकेट पसरलेलं. म्हणाला, उन्हाने डॅश तडकतो म्हणून. कोठारात कुठलं आलंय ऊन! हे मला आज सुचतंय. तेव्हा मी मान डोलावली.

मी ब्लँकेटचा कोपरा उचलला. १९६८पासून कारखान्याने दिलेल्या नंबरची (व्हीआयएन, रस्त्यावरची नंबर प्लेट नव्हे) पाटी डॅशवर, ड्रायव्हरच्या बाजूला, काचेतून दिसेल अशी असते. फोटो काढला. नंबर अगदी स्पष्ट होता: २३७३७८, मग कारखान्याचा पी आणि सहा आकडे. त्याने लपवलाही नव्हता नीट. तो फोटो आजही माझ्या फोनमध्ये आहे, वेळेसकट, १०:४२. त्या मिनिटाला मी गाडीत बसून परत निघालो असतो, तर हे लिहावं लागलं नसतं.

कारण १९६६ ते १९७१ या वर्षांच्या जीटीओचा नंबर २४२ने सुरू होतो. २३७ म्हणजे लेमान्स. बस्स. एवढंच. पॉन्टियाकवाल्यांच्या घरातली शाळकरी पोरंही हे सांगतील. मी काय केलं? तोच नंबर गाडी चोरीची आहे का हे बघायला वापरला. इतिहास देणाऱ्या संकेतस्थळाने तो घेतलाच नाही, कारण ती १९८१नंतरचे सतरा अक्षरी नंबर घेतात आणि हा तेरा अक्षरी. दुसरीकडे विचारलं, चोरीची नोंद नाही म्हणाले. मी खूश! चावी नीट पारखली, घर कुणाचं ते बघितलंच नाही.

जुनी गाडी बघायला जाताना आधी तीन आकडे पाठ करून जा. बाकी सगळं नंतर.

आणखी दोन खुणा होत्या. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, बॉडीची पाटी असते, तिच्यावरही मॉडेलचा क्रमांक येतो. इथे पाटीच्या जागी रिव्हेटची दोन भोकं. ‘कुणीतरी रंग देताना काढली असेल.’ आणि टायटल. वडिलांनी नवी घेतलेल्या गाडीचं टायटल या माणसाच्या नावावर आठ महिन्यांपूर्वीचं. ‘वडील गेल्यावर केलं.’ आता मेलेल्या बापाबद्दल मी उलटतपासणी घेणार होतो का? आपल्याकडे तरी तशी रीत नाही. तुम्ही घ्या. निर्लज्जपणे घ्या.

गंजाचं म्हणाल तर मी तयारीने गेलो होतो. फ्रीजवरचा दगडूशेठचा मॅग्नेट खिशात होता. पुढचे फेंडर, दोन्ही दारं, बाप्पा टपकन चिकटत होते. मागच्या चाकावरच्या पत्र्याकडे वळलो तेवढ्यात तो म्हणाला, इंजिन फिरवून दाखवू का? गेलो पुढे. नंतर गॅरेजमध्ये मागे लावला तेव्हा बाप्पा सरळ खाली घरंगळले. बोटभर पुट्टी. छताच्या व्हिनाइलखाली आणि मागच्या काचेच्या कडेला पत्रा नव्हताच, गंजाची पोळी होती. मागच्या भागात, डिकीखाली आणि चेसिसवर जिथे मीठ साचतं, तिथूनच सुरुवात करायची असते. पुढचे फेंडर बोल्टवर बदलता येतात. त्यावर मॅग्नेट फिरवणं म्हणजे नवरीच्या मेकअपवरून स्वयंपाकाची परीक्षा.

घासाघीस करून १४,२०० ठरले. ५०० फोनवरून, १३,७०० बँकेचा चेक. ओहायोत टायटल हस्तांतरणाच्या सहीला नोटरी लागतो, तो सगळा सोपस्कार बँकेत झाला. नोटरीचा शिक्का बघून मला वाटलं, सरकार साक्षीला आहे. नोटरी सही कुणाची ते बघतो, गाडी कुठली ते नाही. पावतीवर त्याने लिहिलं: ‘१९६८ पॉन्टियाक, टू डोअर, आहे त्या स्थितीत.’ जीटीओ शब्द नाही. मी वाचलं. सही केली.

पाच आठवड्यांनी हेड काढून इंजिन मशीन शॉपमध्ये नेलं. पॉन्टियाकची ३५० आणि ४००ची इंजिनं बाहेरून हुबेहूब सारखी. म्हाताऱ्याने सिलिंडरमध्ये मापक घातलं. ४००चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.१२ इंच असतो, याचा ३.८८ निघाला. ‘हे ३५० आहे,’ तो म्हणाला, आणि लगेच विचारलं, ‘नंबर काय आहे गाडीचा?’ मी फोटो उघडून दाखवला. त्याने चष्मा वर केला आणि माझ्याकडे ज्या दयेने बघितलं, त्याचे २४० डॉलर वेगळे लावायला हवे होते.

आता ऐका पुढची वरात. आमच्या गावचे पोलीस म्हणाले, व्यवहार ओहायोत झाला, तिकडे जा. तिकडच्या काउंटीच्या पोलिसांनी फोनवर चाळीस मिनिटं थांबवून विचारलं, गाडी मिळाली का? मिळाली. टायटल खरं आहे का? आहे. नंबर जुळतो का? जुळतो. ‘मग चोरी कशाची झाली, सर?’ दिवाणी मामला. टायटलच्या कार्यालयात तासभर उभा राहिलो, तर खिडकीतली बाई म्हणाली, आम्ही वर्ष आणि कंपनी नोंदवतो, मॉडेल आमचं काम नाही. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या खात्याला अकरा पानी फॉर्म आणि २३ फोटो पाठवले. नऊ आठवड्यांनी तीन ओळींचं उत्तर आलं: विकणारा व्यापारी नसून खासगी व्यक्ती असल्याने आम्ही हस्तक्षेप करत नाही. त्याने वर्षभरात किती गाड्या विकल्या हे बघा, असं मी लिहिलं. त्याला उत्तरच नाही. जाहिरात जिथे होती त्यांनी सांगितलं, जाहिरात आता अस्तित्वात नाही, म्हणून तपासता येत नाही. अहो, मी स्क्रीनशॉट पाठवला होता! पैशांच्या अ‍ॅपवाल्यांनी कळवलं की ५०० मी स्वखुशीने पाठवलेत. स्वखुशीने! ओहायोच्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात कमाल ६,००० डॉलर मागता येतात. मोठ्या कोर्टासाठी वकिलाने २,५०० आगाऊ मागितले आणि वर पावतीतल्या ‘आहे त्या स्थितीत’वर बोट ठेवलं. कर घेताना मात्र मिशिगनला कसलीही शंका आली नाही. ८५२ डॉलर, दहा मिनिटांत, हसतमुखाने.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. आणि जाहिरातीत जे मॉडेल आहे ते पावतीवर लिहून घ्या. लिहायला का-कू केली की कॉफी तशीच ठेवून उठा.

पॉन्टियाकसाठी तर याहून सोपं होतं. पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे कारखान्याच्या जुन्या नोंदी आहेत. नंबर पाठवला की मूळ गाडी काय होती त्याचे कागद ते देतात. १४,२०० पुढे त्याची फी म्हणजे चिल्लर. मला ही सेवा माहीत होती, हो, माहीत होती. पण त्याने सांगितलं होतं की रविवारी इंडियानाहून एक जण रोख घेऊन येतोय. अजून कुणी आलाय का हो कधी इंडियानाहून?

मंडळाच्या पॉटलकमध्ये एकाने विचारलं, ‘काय, विंटेज कार घेतलीस म्हणे!’ मी साबुदाणा वड्याकडे बघत ‘काम चालू आहे’ म्हणालो. काम चालू नाही. तळ आणि मागचा पत्रा बदलून ती लेमान्स म्हणून उभी केली, तर शीट म्हणतं की १५ ते २० हजार पाण्यात. आहे तशी विकायची, तर मी काय आहे ते खरं सांगणार, आणि खरं सांगितल्यावर आतापर्यंतची सर्वात मोठी बोली ४,५०० आहे. बायकोची गाडी हिवाळाभर बाहेर बर्फात उभी होती. ती काही बोलत नाही. सकाळी सहाला काच खरवडण्याचा आवाज येतो, तेवढंच.

गेल्या महिन्यात रात्री जाहिराती चाळत होतो. सवय सुटत नाही. १९६८ची शेवी (शेव्हरोले) शेव्हेल, ‘अस्सल एसएस ३९६, काकांची’, १८,९०० डॉलर. विकणाऱ्याचं नाव दुसरं, गाव शेजारचं. मागे तेच कोठार, तोच उजवीकडे कललेला दरवाजा, आणि डॅशवर निळं ब्लँकेट. त्या वर्षीच्या खऱ्या एसएसचा नंबर १३८ने सुरू होतो, साध्या शेव्हेल मालिबू व्ही-एटचा १३६ने. बायकोच्या खात्यावरून एका ओळीत विचारलं: नंबरचे पहिले तीन आकडे कळवाल का?

‘तुम्ही डीलर आहात का?’ एवढं उत्तर आलं, आणि खातं ब्लॉक.