क्रुशियल बीएक्स५०० (४८० जीबी): एच६१ बोर्डाच्या जुन्या पीसीत कसा चालतो?

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय३, एच६१ चिपसेटचा बोर्ड आणि आत कुरकुरणारी हार्ड डिस्क. अशा पीसीला बीएक्स५०० हा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, आत काहीच न फिरणारी डिस्क) पुरेसा आहे. याहून महाग एसएसडी घेण्यात पैसे वाया जातात. खोक्यावर रीड स्पीड सेकंदाला ५४० एमबी छापलाय, पण एच६१ चिपसेटला साटा-२ चेच (डिस्क जोडायचे जुने, कमी वेगाचे) पोर्ट, म्हणून प्रत्यक्षात पावणेतीनशेच्या आसपास मिळतो. त्याने फारसं अडत नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली वाचल्या जातात आणि हार्ड डिस्कचा वेळ जातो तो हेड इकडून तिकडे हलवण्यात. एसएसडीत ती भानगडच नाही.

सोबत साटा केबल येत नाही, वेगळी घ्या. स्क्रू एम३ लागतात. हार्ड डिस्कचे जाडे स्क्रू पिळून बसवलेत तर आटे गेलेच. एसएमपीएसला (पीसीच्या पॉवर सप्लायला) साटा पॉवरची पिन नसेल तर मोलेक्सचा (जुन्या चार पिनांच्या जोडणीचा) कन्व्हर्टर लावा, पण वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेला स्वस्तातला नको, तो तापून जळू शकतो.

क्लोनिंगसाठी, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायला, अ‍ॅक्रोनिस या सॉफ्टवेअरची क्रुशियल आवृत्ती फुकट मिळते. जुन्या डिस्कवरचा भरलेला डेटा एसएसडीत मावेल इतका आधी कमी करा. क्लोन झाल्यावर पीसी बंद करून जुनी डिस्क काढा आणि पहिल्यांदा फक्त एसएसडीवर सुरू करा. कारण दोन्ही डिस्कची सही (विंडोज डिस्क ओळखतं तो क्रमांक) सारखी असली की विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं.

खरी गोम बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) आहे. अनेक जुन्या बोर्डांवर साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई असतो, तो नवा एएचसीआय हवा. थेट बदललात तर निळी स्क्रीन येण्याची शक्यता जास्त. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिग या टूलमधून सेफ बूट लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग सेफ बूटची खूण काढा. त्याच वेळी बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदला. तो मेलेला असेल तर मुख्य वीज गेली की बायोस डिफॉल्टवर जातो, मोड पुन्हा आयडीई होतो, पीसी बूट होत नाही आणि शिव्या बिचाऱ्या एसएसडीला बसतात.

उणीव म्हणाल तर यात डीरॅम कॅश (एसएसडीच्या आतली वेगवान मदतनीस मेमरी) नाही. सलग मोठा डेटा कॉपी केला की सुरुवातीचा वेग टिकत नाही, चांगलाच घसरतो. बिलिंग, टॅली, ब्राउझर यांत हे जाणवत नाही. व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी डीरॅम असलेला बघावा. वॉरंटी ३ वर्षं किंवा १२० टीबी लिखाण, म्हणजे रोज १०० जीबी लिहूनही मुदत निघते.

रॅम मात्र ४ जीबीच असेल तर डीडीआर३ ची आणखी एक ४ जीबीची स्टिक टाकाच, नाहीतर क्रोमचे दहा टॅब उघडले की पेजिंग (रॅम अपुरी पडून डिस्कच रॅमसारखी वापरणं) सुरू.