ओकच्या नावाखाली छापील कागद : १,८८,००० रुपयांची फसवणूक

सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि थंडीत त्यांना फरशीवर पाय टेकवत नाही, म्हणून आम्ही लाकडी फ्लोअरिंग करायचे ठरवले. हौसेखातर पैसे उधळले नव्हते, हे आधीच सांगते. पुण्यातल्या एका दुकानदाराने ‘इंजिनिअर्ड वुड’ म्हणून दाखवलेला नमुना खरा होता : वर चार मिलिमीटर जाडीचा ओकचा थर आणि खाली आडवे-उभे थर चिकटवलेले प्लायवूड. दर चौरस फुटाला ४२० रुपये. हॉल आणि एक खोली मिळून ३८० चौरस फुटांचे १,५९,६०० आणि फोम, स्कर्टिंग व मजुरीचे २८,४००, असे एकूण १,८८,००० रुपये मी मोजले. त्यांतील एक लाख यूपीआयने त्याच्या वैयक्तिक खात्यात गेले आणि ८८,००० रोख, कारण जीएसटी वाचणार होता. हातात आलेल्या कच्च्या बिलावर ‘वुडन फ्लोअरिंग’ एवढेच लिहिले होते, आणि बाजारात लॅमिनेटलाही, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीवर लाकडाचे छापील चित्र असलेला कागद चिकटवलेल्या मालालाही, तेच म्हणतात. वरच्या थराची जाडी आणि लाकडाची जात पक्क्या बिलावर आल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

माल आला तो खोक्यांत नव्हता, सुटे गठ्ठे होते. त्याच दुपारी काम सुरू झाले. फळ्या निदान ४८ तास त्याच खोलीत ठेवायच्या असतात आणि कोब्यातली ओल तपासायची असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कटरखाली कापलेला एक तुकडा माझ्या पायाशी पडला. त्याच्या कडेला प्लायवूडचे थर नव्हते, दाबून बसवलेल्या भुशासारखा एकसंध तपकिरी गर होता. मी विचारले, तेव्हा कारागीर म्हणाला, “मॅडम, पाण्याने फुगू नये म्हणून आतून असंच असतं.” नमुन्याचा तुकडा तिथेच टीपॉयवर होता. दोन्ही शेजारी धरून पाहायला हात लांब करण्याएवढेच कष्ट होते, आणि ते मी घेतले नाहीत. संध्याकाळी तर एकच गाठ, डाव्या अंगाला माशाच्या शेपटीसारखी रेघ असलेली, मला तीन फळ्यांवर दिसली होती. खऱ्या लाकडात तीच गाठ पुन्हा येत नाही. तरीही मी गप्प राहिले, कारण घरात पाहुणे होते आणि काम सुबक दिसत होते.

जुलैत बाल्कनीच्या दाराजवळचे सांधे फुगून वर आले. ओल्या पोछ्याने झाले, असे दुकानदाराने सांगितले आणि मी त्याचे ऐकून आमच्या कामवाल्या मावशींना बोलले, याची लाज आजही वाटते. पोछा घट्ट पिळूनच फिरवावा हे खरे. पण भिंतीलगत आठ-दहा मिलिमीटर जागा सोडलेलीच नव्हती, मग फुगलेली फळी जाणार कुठे? अखेर ओरखडे काढायला बोलावलेल्या पॉलिशवाल्याने नखाने कड खरवडली आणि म्हणाला, “ताई, याला पॉलिश कसलं करायचं? हा कागद आहे.”

पोलीस चौकीत तीन खेपा घातल्या. तिन्ही वेळा ‘हा दिवाणी मामला आहे’ हे एकच वाक्य ऐकले. खरा नमुना दाखवून दुसराच माल गळ्यात मारणे ही फसवणूक नव्हे, तर काय आहे? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती ‘ग्राहक आयोगाकडे जावे’ असा सल्ला देऊन बंद झाली. पाच लाखांपर्यंत जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, म्हणून तिथे गेले. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा असतो. माझे चौदा महिने उलटले आहेत आणि पाच तारखा पडल्या आहेत. रोख दिलेल्या ८८,००० रुपयांची पावती नसल्याने ती रक्कम समोरचा वकील सरळ नाकारतो. त्या दिवशी पायाशी पडलेला तुकडा कचऱ्यात गेला, म्हणून कपाटाखालची एक फळी उपटून पुराव्यासाठी नेली, तर ती प्रयोगशाळेत पाठवायची आहे आणि तपासणीचे पैसेही आधी मीच भरायचे आहेत.