सायटेशन की अल्टमेट्रिक?

हवेतल्या सूक्ष्म कणांवरचा शोधनिबंध जोखायला दोन आकडे हाताशी असतात. सायटेशन म्हणजे इतर संशोधकांनी घेतलेली दखल. अल्टमेट्रिक म्हणजे बातम्या आणि सोशल मीडियावरचा गाजावाजा.

आपल्या सोलापूरचंच घ्या. पर्जन्यछायेतला जिल्हा, पावसाची बातमी म्हटली की कान टवकारणारच! पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात इथले २७६ ढग निवडले. काहींत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले, काही तुलनेसाठी मुद्दाम तसेच ठेवले. कणांवर बाष्प जमून थेंब मोठे होतात. निष्कर्ष: सुमारे १८ टक्के जादा पाऊस. पण तो ठरावीक क्षेत्रापुरता, वाऱ्याच्या दिशेला, आणि मुळात योग्य ढग असतील तरच. ‘१८ टक्के’ फॉरवर्ड होतं, ही अट मागेच राहते.

अल्टमेट्रिक चार दिवसांत वर चढतो, पण कौतुक की टिंगल हे त्याला कळत नाही. खरं तर सायटेशनलाही कळत नाही, शिवाय त्याला वर्षं लागतात. तरी माझा कौल सायटेशनलाच: तिथे दखल घेणाऱ्याने निबंध निदान उघडलेला असतो. (बहुतेक!)