सेल्स सपोर्टमधून टेक्निकलकडे: सेल्सफोर्स अ‍ॅडमिन की डेटा अ‍ॅनालिस्ट?

कोटेशन, ऑर्डर, डिस्काउंटच्या मंजुऱ्या यांत वर्षं काढलेल्यांना मी आधी सेल्सफोर्स अ‍ॅडमिनच सुचवेन, म्हणजे विक्री आणि ग्राहकांच्या नोंदींचं सेल्सफोर्स हे सॉफ्टवेअर कंपनीसाठी सांभाळण्याचं काम. व्हॅलिडेशन रूल (चुकीची किंवा अपुरी नोंद सेव्ह होऊ न देणारा नियम) कशाला हवा, हे त्यांना शिकवावं लागत नाही. अर्धवट भरलेल्या ऑर्डरींचा ताप त्यांनीच सोसलेला असतो. ट्रेलहेड या सेल्सफोर्सच्याच साइटवर शिकणं फुकट, सरावाला सेल्सफोर्सची डेव्हलपर एडिशनही फुकट. मात्र सगळी भिस्त एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर राहते.

डेटा अ‍ॅनालिस्टचं तसं नाही. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) बँकेतही चालतं, हॉस्पिटलातही. एक्सेलचा व्ही-लुकअप येत असेल तर एसक्यूएलमधला जॉइन (दोन तक्ते समान रकान्यावरून जोडणं) लवकर उमगतो. पण सांभाळून: एका ग्राहकाच्या तीन ऑर्डरी असतील तर व्ही-लुकअप पहिलीच दाखवतो, जॉइन तिन्ही ओळी देतो, आणि बेरजेत त्याची क्रेडिट लिमिट तीनदा धरली जाते. असले गुंते सोडवायला आवडत असतील तरच हा रस्ता धरा. इथे जम बसायला वेळ लागतो.