मिंचोच्या काठाने पेस्किएरा ते मांतोवा : एका मोसमाच्या वापरानंतर

गार्डा सरोवरातून मिंचो नदी जिथे बाहेर पडते ते पेस्किएरा, आणि जिथे ती पसरून तलाव होते ते मांतोवा. या दोन जुन्या गावांमधला सुमारे ४५ किलोमीटरचा सायकलमार्ग मी मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत वापरतेय. कधी अख्खा, कधी अर्धा, कधी एकटीने, कधी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन. आम्ही वेरोनात राहतो, त्यामुळे सकाळी सायकल रेल्वेत चढवायची आणि पंधरा-वीस मिनिटांत पेस्किएराला उतरायचं, हे सोयीचं पडतं. या मार्गाबद्दल जे वाचायला मिळतं त्यात वाटेतल्या बोर्गेत्तो या छोट्या गावापर्यंतचं भरभरून कौतुक असतं आणि पुढच्या तीस किलोमीटरला ‘कालवा आणि शेतं’ म्हणून एका ओळीत वाटेला लावलेलं असतं. माझं मत नेमकं उलटं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी गाइडचं. अजिबात लागत नाही. सायकल, नकाशा, फोनवरचं ॲप आणि अडचणीसाठी एक नंबर असं सगळं बांधून ‘स्वतःचे स्वतः फिरा’ या नावाने विकणारे बरेच आहेत. डोंगराळ तोस्कानात त्याला अर्थ असेल, इथे नाही. ही वाट युरोवेलो ७ या लांब पल्ल्याच्या मार्गाचा भाग आहे आणि वळणावळणावर पाट्या आहेत. चुकायला जागा म्हणजे पेस्किएरा स्टेशनातून बाहेर पडल्यावरची पहिली दहा मिनिटं आणि मांतोवात शिरतानाची शेवटची दहा. मध्ये नदी किंवा कालवा सोबतीला असतोच. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, बास.

रस्ता बहुतेक ठिकाणी डांबरी आणि मोटारींपासून वेगळा आहे. पेस्किएरा समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटरवर, मांतोवा वीसेक मीटरवर, म्हणजे एवढ्या अंतरात उतार नावालाच. तरी दिशा हीच ठेवा. उताराची मदत जाणवत नाही, पण शेवटी मांतोवा समोर येतं ते याच दिशेने. गिअरची साधी सायकल पुरते. टायर जरा रुंद घ्या, कारण काठाला जागोजागी काटेरी बाभळीच्या जातीची झाडं आहेत. मे महिन्यात त्यांचा पांढरा फुलोरा आणि वास छान असतो, पण छाटणीनंतर काटे वाटेवर पडतात. पंक्चरचं सामान जवळ हवंच, कारण मधल्या गावांत रविवारी दुकान उघडं मिळत नाही.

पेस्किएराच्या पाचकोनी तटबंदीला बहुतेक जण पाठ दाखवून निघतात. व्हेनिसच्या राज्याने बांधलेले हे बुरुज २०१७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि खंदकात चक्क सरोवराचं पाणी खेळतं. पुढे ऑस्ट्रियाने लोम्बार्दी आणि व्हेनेतो ताब्यात ठेवायला जे चार किल्ले धरले, पेस्किएरा, मांतोवा, वेरोना आणि लेन्यागो, त्यांतले दोन या एका दिवसात होतात. तटावरून एक फेरी मारा आणि मग नदीला लागा.

माझा या मार्गाकडे बघायचा डोळा बदलला तो मे महिन्यात, बाबा आले तेव्हा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, नोकरीची कितीतरी वर्षं खडकवासल्याच्या कालव्यांवर गेलेली. त्यांना ई-सायकल भाड्याने घेऊन दिली. पेस्किएरापासून थोडं पुढे सालिओन्झेला नदीवर दरवाजांची एक रांग आहे. मी तिथून कायम सरळ पुढे निघून जायचे. बाबांनी ब्रेक मारला, सायकल कठड्याला टेकवली आणि म्हणाले, “अगं, हे तर आमच्या खात्याचं काम!” खरंच तसं आहे. १९५० च्या सुमारास बांधलेल्या या दरवाजांवरून गार्डा सरोवराची पातळी राखली जाते आणि खाली शेतीला किती पाणी सोडायचं ते ठरतं. शिवाय अदिजे नदीला पूर आला तर तिचं पाणी डोंगरातल्या दहा किलोमीटरच्या बोगद्यातून गार्डात वळवता येतं, तो बोगदा १९५९ चा. हे ऐकल्यावर बाबा ‘विसर्ग किती असेल’ याचा अंदाज करत बराच वेळ तिथेच उभे. मी केळी खाऊन घेतली.

तिथून पुढे मला या वाटेवर सगळीकडे पाणीच दिसायला लागलं. म्हणजे पाणी कुणी अडवलं, कुणी वळवलं आणि कुणासाठी. मोन्झांबानोचा टेकडीवरचा किल्ला डाव्या-उजव्या हाताला झाडांतून डोकावतो तोवर हे लक्षात येत नाही. बोर्गेत्तोला आलं की येतं.

बोर्गेत्तो म्हणजे मिंचोवर वसलेली दहा-वीस घरं, लाकडी पाणचक्क्या आणि फोटो काढणारी माणसं. एप्रिल-मेच्या रविवारी इथे सायकल हातात धरून चालावं लागतं, आणि कॉफीचा दर जागेप्रमाणे. सकाळी नऊच्या आत पोचलात तर हेच गाव वेगळं असतं : चाकांचा आवाज, बदकं, आणि फरशी पुसणारे वेटर. पण इथली खरी बघायची गोष्ट डोक्यावर आहे. जान गालेआत्सो व्हिस्कोंती या मिलानच्या सत्ताधीशाने १३९३ मध्ये बांधायला घेतलेला, सुमारे ६५० मीटर लांबीचा तटबंद पूल. नुसता पूल नव्हे, धरणच. मिंचोचं पाणी वळवायचं म्हणजे खालच्या मांतोवाभोवतीचे तलाव आटतील आणि शहर उघडं पडेल, असा बेत होता. तो काही तडीस गेला नाही. आता जूनमधल्या एका संध्याकाळी याच पुलावर लांबच लांब टेबलं मांडून हजारो माणसं तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता, जेवतात.

तोर्तेल्लीनीवरून आठवलं. बोर्गेत्तोच्या वर चढावर असलेल्या व्हालेज्जो गावच्या तोर्तेल्लीनीची पारी रेशमासारखी पातळ असते, त्यामागे सैनिक आणि जलपरीच्या प्रेमाची, रुमालाला मारलेल्या गाठीची एक कथा सांगतात. पण आत सारण मांसाचं. शाकाहाऱ्यांनी रिकोत्ता-पालकाचे मागावेत. ‘ब्रोदो’ म्हणजे मांसाचं पाणी, हे पाठ करून ठेवा. चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं, ज्यांना तेही चालत नाही त्यांनी डबा आणावा. आमच्या आईने थालीपीठं बांधून दिली होती आणि व्हालेज्जोचा चढ न चढता ती नदीकाठच्या बाकावर संपवली, त्या दिवशी कुणाचंच काही अडलं नाही.

बोर्गेत्तोहून नव्वद टक्के गर्दी मागे फिरते. (टक्केवारी माझीच, डोळ्यांनी मोजलेली.) पुढे पोत्सोलो येतं, आणि तिथे वाट नदी सोडून कालव्याला लागते. हाच तो ‘कंटाळवाणा’ भाग. दोन्ही बाजूंना मका, गहू, गवताचे गोल भारे, लांबवर गोठे. सावली तुटक. वळण नाहीच म्हटलं तरी चालेल. पण हा कालवा कशासाठी आहे ते बघा. पोत्सोलोला मिंचोचं जादा पाणी काढून घ्यायचं आणि मांतोवाला वळसा घालून पुढे सोडायचं, म्हणजे पुराच्या वेळी शहर बुडत नाही. व्हिस्कोंतीला मांतोवा बुडवण्यासाठी, म्हणजे खरं तर कोरडं करण्यासाठी, जे पाणी वळवायचं होतं, तेच पाणी पाचशेहून अधिक वर्षांनी मांतोवा वाचवायला वळवलं. हे कळल्यापासून मला या कालव्याचा कंटाळा आलेला नाही.

जुलैत इथली गंमत वेगळीच. मक्याला पाणी द्यायला मोठमोठ्या तोफेसारख्या नळ्या लावलेल्या असतात आणि त्यांचा फवारा फिरत फिरत कधी कधी वाटेवर येतो. आधी थांबायचं, फवारा शेताकडे वळला की दोन पायडल जोरात मारायची. पस्तीस अंशांत बरीच माणसं मुद्दाम थांबून भिजतात, मीही. भरावावर न्यूत्रिया नावाचा घुशीच्या वळणाचा पण मांजराहून मोठा प्राणी दिसतो. फरसाठी दक्षिण अमेरिकेतून आणलेला, आता इथलाच झालेला. तो काठाला बिळं पाडतो हे कळल्यावर बाबांचं त्याच्याबद्दलचं मत तिथल्या तिथे खराब झालं.

मांतोवाजवळच्या सोआवे या गावाच्या अलीकडे संध्याकाळी पगडीवाले सायकलस्वार भेटतात. मांतोवा-ब्रेशा भागातल्या गोठ्यांत पंजाबी माणसं वर्षानुवर्षं काम करतायत, ग्राना पादानो चीजच्या दुधामागे त्यांचे हात आहेत. एकदा एका काकांनी पुढे निघालेल्या बाबांना बघून ‘कहाँ से?’ विचारलं, ‘पुणे’ ऐकल्यावर सायकलवरून उतरलेच. त्यांची पहाटेची पाळी होती, तरी पंधरा मिनिटं गव्हाच्या भावावर चर्चा झाली.

आणि मग मांतोवा. वाट तलावापलीकडच्या चित्तादेल्ला या भागाकडून येते, जूल्यो रोमानो या स्थापत्यकाराच्या पोर्ता जूल्या या वेशीजवळून, आणि पोंते देई मुलीनी या पुलावर चढते. इथे मात्र थांबा. उजवीकडे वरचा तलाव, डावीकडे मधला, समोर घुमट आणि मनोरे. अल्बेर्तो पितेन्तीनो नावाच्या स्थापत्यकाराने ११९० मध्ये मिंचो अडवून हे तलाव केले. तेव्हा चार होते, चौथा अठराव्या शतकात कोरडा केला. पाण्याने वेढलेलं असल्यामुळे शहर घेणं अवघड, आणि त्याच साचलेल्या पाण्यामुळे ताप-हिवतापही ठरलेला. डास आजही आहेत. ऑगस्टमध्ये सूर्य कलल्यावर तलावाकाठी बसणार असाल तर ओडोमॉस घेऊन बसा.

जुलै-ऑगस्टमध्ये वरच्या तलावात कमळं फुलतात. आपली कमळं, तीच गुलाबी. १९२१ मध्ये निसर्गविज्ञान शिकलेल्या एका तरुणीने ती इथे लावली, कमळकाकडी खाण्यासाठी उपयोगी पडेल म्हणून. इटालियन माणूस काही कमळकाकडी खायला लागला नाही, कमळं मात्र इतकी माजली की आता दरवर्षी कापावी लागतात. आई पुलाच्या कठड्याला धरून बराच वेळ ‘एवढी कमळं आणि देवाला एक नाही’ असं म्हणत होती.

शहरात शिरल्यावर सायकल हातात घ्या, गोट्यांची फरसबंदी कंबर काढते. एका दिवसात सायकल चालवून सगळं बघणं होत नाही, म्हणून एकच निवडा. मी पालात्सो दुकाले या राजवाड्यातली, मान्तेन्या या चित्रकाराने १४७४ पर्यंत रंगवलेली खोली निवडीन. त्या छताच्या मधोमध रंगवलेल्या गवाक्षातून बायका आणि मुलं खाली वाकून आपल्याकडे बघतात. हा राजवाडा सोमवारी बंद असतो. सायकल कुठे ठेवायची हा प्रश्न उरतोच : स्टँड आहेत, पण मागच्या पिशव्या काढून खांद्यावर घ्याव्या लागतात. जेवायला ‘तोर्तेल्ली दी झुक्का’. लाल भोपळा, बदामी बिस्किटाचा चुरा, मोहरीत मुरवलेली फळं. गोडसर लागतं, बाबांना घारग्यांची आठवण झाली आणि त्यांनी दुसरी प्लेट मागवली. स्ब्रिझोलोना हा बदामाचा ठिसूळ केक हाताने मोडून खायचा असतो आणि परतीच्या प्रवासात टिकतो. ‘आझिनो’ दिसलं तर ते गाढव आहे, एवढं सांगून ठेवते.

आता तक्रारी. पहिली सायकल भाड्याची. बाबांसाठी पेस्किएरात ज्या दुकानातून ई-सायकल घेतली ते संध्याकाळी सहाला बंद होणार, आणि मांतोवाहून पेस्किएराला रेल्वेने यायचं तर वेरोनात गाडी बदलावी लागते. वाट बघण्याचा वेळ धरून दोन तास सहज. उशिराचे पैसे भरले ते भरलेच, वर ऐकूनही घेतलं. तुम्ही भाड्याने घेणार असाल तर मांतोवातच सायकल सोडता येईल असं दुकान शोधा, किंवा बोर्गेत्तोपर्यंत जाऊन परत फिरा. आणि सॅडल स्वतः बसून तपासा, भाड्याच्या सॅडलवर ४५ किलोमीटर हा वेगळाच विषय आहे.

दुसरी रेल्वेची. सायकल फक्त रिजनल गाडीत, तिचं वेगळं साडेतीन युरोंचं तिकीट, त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत चालणारं. कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. डब्यावर सायकलचं चित्र असतं, पण जागा मोजक्या, आणि रविवारी संध्याकाळी मांतोवाच्या फलाटावर सायकली जागांपेक्षा जास्त. म्हणून पाचच्या आसपासची गाडी सोडून जेवून उशिराने निघणं मला बरं वाटतं. संपाच्या दिवशी कामाच्या वारी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ ठरावीक गाड्या धावतात, सुट्टीच्या दिवशी त्याचा भरवसा धरू नका. संपाची तारीख आधी जाहीर होते, निघायच्या आदल्या रात्री बघून घ्या.

महिन्यांचं सांगायचं तर एप्रिलअखेर ते जूनचा मध्य, आणि सप्टेंबर. ऑगस्टमध्ये जायचंच तर सातला पेस्किएरा सोडा आणि पाणी दोन बाटल्या, कारण पोत्सोलोनंतर नळ क्वचित. ‘नोन पोताबिले’ लिहिलेल्या नळाला तोंड लावू नका. नोव्हेंबरपासून या मैदानात धुकं उतरतं, तेव्हा कालव्याचा काठ दिसत नाही, मी सायकल तेव्हा गॅलरीत ठेवते. लहान मुलं असतील तर पेस्किएरा-बोर्गेत्तो जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, मागे सीट किंवा ट्रेलर लावून आरामात होतं. दहा-बारा वर्षांचं सायकलची सवय असलेलं मूल अख्खा मार्ग करतं, फक्त कालव्याला कठडा नाही आणि काठ तिरका आहे, तिथे त्याला आतल्या बाजूने ठेवा.